नाव खोडलेला नकाशा

आम्ही सरांना खोडरबर म्हणायचो. वास्तुकलेच्या तासाला ते कुठल्यातरी इमारतीचा नाव खोडलेला नकाशा लावायचे आणि म्हणायचे, "आकारावरून हिचा उपयोग ओळखा. कारणं द्या, कौतुक नको."

आजचा नकाशा आम्ही हसण्यावारीच नेला.

"खिडक्या डोक्याच्या वर आहेत. बाहेरचं काही दिसू द्यायचं नाहीये," एक जण म्हणाला.

"सगळ्या खोल्या मधल्या चौकातून दिसतात. कुणीतरी नजर ठेवणार."

"कड्या फक्त बाहेरून आहेत."

"मग तुरुंगच की," मी म्हणालो.

"तुरुंगात निदान भेटीची खोली असते," सर म्हणाले. "इथे दाखव."

मी शोधली. नव्हती.

"सर, आहे तरी कुठली ही इमारत?"

"गेल्या आठवड्यात तुम्ही सगळ्यांनी हिच्यावर निबंध लिहिलात. वरून झिरपणारा उजेड, प्रामाणिक काँक्रीट, एकही फालतू रेघ नाही. अगदी तोंडभरून लिहिलंत."

तो निबंध कॉलेजच्या या नव्या इमारतीवर होता. आम्ही तिच्यातच बसलो होतो.

दाराजवळची मुलगी उठली. ते दार आम्ही आजवर कायम उघडंच पाहिलं होतं. तिने दाराच्या गुळगुळीत फळीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला.

"सर, आज दार तुम्ही लावलंत?"

"नाही," सर म्हणाले. "मला वाटलं, तुमच्यापैकी कुणीतरी लावलं."