शनिवारची खडखड

सायलेन्सरचा क्लॅम्प कधीच गंजून गेला होता, हे प्रवीणला गाडीखाली शिरल्यावर कळलं. त्याच्या जागी तार होती. तारेला भीमराजच्या हातचे पीळ होते. थोरला भाऊ भीमराज दर शनिवारी ही फियाट घेऊन नगरहून काष्टीला यायचा. सायलेन्सर रस्ताभर खडखडायचा. दुरुस्त कर म्हटलं की म्हणायचा, "वाजू दे. माईला कळतं, मी आलो."

प्रवीणने पक्कड लावून तार तोडली. भीमराज गेला तो दिवाळीच्या आधी. आता उन्हाळा लागला होता.

माईला हे माहीत नव्हतं. दोघांची आई बनुबाई. काचबिंदूने डोळे गेलेले, काळीज अशक्त. भीमराज नगरच्या कॉलेजात शिकवता शिकवता खुर्चीत बसला तो उठलाच नाही. एकटा जीव, बायको-पोरं नव्हती. अंत्यविधी तिकडेच उरकला. डॉक्टर म्हणाले, आईंना धक्का सोसणार नाही, योग्य वेळ बघून सांगा. योग्य वेळ ही चमत्कारिक गोष्ट आहे. ती नेहमी पुढच्या आठवड्यात असते.

पहिल्या शनिवारी माई कान देऊन बसून राहिली, जेवली नाही. पुढच्या शनिवारी प्रवीणने भावाची गाडी कालव्यापर्यंत नेली, खडखडत फाटकाशी आणली, जरा थांबवली आणि तशीच पुढे नेऊन सोसायटीच्या गोदामामागे लावली. मग पायी घरी येऊन सांगितलं, "माई, दादा आला होता. मीटिंग आहे म्हणून उभ्या उभ्या गेला." प्राध्यापकाच्या मीटिंगवर कोणीही विश्वास ठेवतं. माई "बरं" म्हणाली आणि जेवली. तेव्हापासून दर शनिवारी हेच. गल्लीनेही साथ दिली. ज्या गल्लीत कोणाच्या घरी अंडी शिजली हे लपत नाही, तिथे एक अख्खा मृत्यू लपला.

आज मात्र यशोधराने, त्याच्या बायकोने, सकाळीच बजावलं होतं. "अहो, आज सांगून टाका. मला बघवत नाही. दर शनिवारी तुम्ही येऊन न्हाणीत गेलात, की माई फाटकाकडे तोंड करून हसत बसतात."

"आधी सायलेन्सर करतो," प्रवीण म्हणाला. "आवाज बंद झाला की सांगतो."

त्यातल्या त्यात सायलेन्सर सोपा होता. गाडी उघडपणे अंगणात आणली. पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागची बाजू जॅकवर उचलली, अंगाखाली गोणपाट घेतलं. नवा क्लॅम्प आवळला. जुन्या टायरची पट्टी कापून सायलेन्सर तिला टांगला. भोकावर पत्रा ठोकला. जोवर ठोकत होता तोवर सांगावं लागत नव्हतं, म्हणून चांगला बसलेला नट त्याने पुन्हा पुन्हा खोलून बसवला. शेवटी इंजिन चालू केलं. शिलाई मशीनसारखं चाललं. बंद करून त्याने किल्ली खिशात टाकली, हात धुतले आणि आत गेला. दिवस मावळत होता.

माई खाटेवर लसूण सोलत होती.

"झाला का नीट?"

"काय?"

"सायलेन्सर. दुपारधरनं ठोकतुयास की."

प्रवीण खाटेच्या कडेला टेकला. "माई, दादाची गाडी..."

"बरं केलंस. दोन गाड्यांचा लई घोळ व्हायचा."

"दोन कुठल्या?"

"एक तुजी. दिस बुडायला येती, थांबती अन् पळती. तू गिअर टाकलास की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यावानी वरडती. भीमाच्या हातनं कदी वरडली न्हाई." माईने पाकळी वाटीत टाकली. "पैल्याच दिशी कळलं मला, भीमा गेला म्हनून. तुमी एवढी खटपट करताय, तुमचं मन कशाला मोडा? म्हनून जेवले."

म्हणजे सगळा हिवाळा तो माईला सांभाळत होता, आणि माई त्याला.

"आणि दुसरी?"

"ती तू घरात आल्यावर येती. फाटकापशी थांबती. गाडीचं दार वाजतं. मग कितीक येळ कायबी न्हाई. तुमच्या कानात आपलीच खडखड भरल्याली, तुमाला कशी ऐकू येनार?"

"माई, आपण भूतबित मानत नाही."

"मी कुटं मानते? छप्पन साली दीक्षा घेतली, तवाच देवांसंगं भुतंबी सोडली."

तेवढ्यात कालव्याच्या अंगाने खडखड ऐकू आली.

प्रवीणने खिसा चाचपला. किल्ली होती. खिडकीतून फियाट दिसत होती, जॅकवर उचललेली, मागची चाकं अधांतरी. खडखड गल्लीच्या तोंडाशी वळली. गिअर बदलला, अगदी लोण्यासारखा. स्वयंपाकघरात यशोधराच्या हातून पातेलं पडलं. गल्लीतली कुत्री, जी कोणाच्याही गाडीमागे धावायची, ती गप्प होती.

खडखड फाटकाशी येऊन थांबली. गाडीचं दार वाजलं.

माई फाटकाकडे तोंड करून हसली. मग तिचं हसू हळूहळू मावळलं.

"माई," प्रवीण कुजबुजला, "तुला सगळं माहीतच होतं. मग मी आता सांगू काय?"

माईने चाचपडत त्याचा हात धरला आणि त्याला खाटेवरून उठवलं.

"मला नगं सांगू. भायेर जा, त्याला सांग. त्याला अजून कुनी सांगितलंच न्हाई."