तहकूब ग्रामसभा

रविवारी ग्रामसभेला पंचायतीच्या सभागृहात खुर्च्या भरपूर होत्या. त्यांवर सरपंच रुद्रेशचे दोन चुलतभाऊ, एक मेहुणा आणि वरच्या वाड्यावरची कमलाक्षी.

पंच गौरवीने आपला काच तडकलेला जुना मोबाइल मागच्या खिडकीच्या गजाला सुंभाने बांधला.

"सभा गावाला घरबसल्या दिसेल. खर्च शून्य. सुंभसुद्धा घरचं."

रुद्रेशने केस सारखे केले. "दाखव गो बाय. आमचं सगळं पारदर्शक."

विषय एकच होता : झरीकडे जाणारी वाट एका बंगलेवाल्या कंपनीला द्यायची. मे महिन्यात नळ कोरडे पडले की वरचा वाडा त्या झरीवरच जगायचा.

"रुद्रेशा, वाट दिलीस तर आम्ही पाणी कुठून आणायचं रे?" कमलाक्षीने विचारलं.

"मावशे, कोरम कुठाय?" रुद्रेश मोबाइलकडे वळला. आपली डावी बाजू बरी दिसते, असं त्याचं मत होतं. "गाववाल्यांनो, कायदा समजून घ्या. पुरेशी माणसं नसली की सभा अर्धा तास तहकूब. मग असतील तेवढ्यांत ठराव. आज आम्ही चौघे एका बाजूला, मावशी आणि ही गौरवी दुसऱ्या. म्हणजे झरी गेली."

सांगून त्याला बरं वाटलं. कायदा इतका सोपा करून गावाला आजवर कुणी सांगितला नव्हता.

"बघतायत का कोण?"

"पुष्कळ होते," गौरवी म्हणाली. "आता भराभर कमी होतायत."

"कंटाळले," मेहुणा म्हणाला.

चहा आला. तो संपायच्या आत बाहेर एक स्कूटर थांबली. मग आणखी. माणसं आत येऊ लागली. कुणी घरच्या चड्डीवर, कुणी हातात मासळीची पिशवी घेऊन. सगळ्यांत पुढे सरपंचाची बायको सुमंगला.

"तू कशाला आलीस गो?" रुद्रेशने हळूच विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, माणसं कमी पडतायत."

अर्धा तास संपला, तोवर खुर्च्याही संपल्या होत्या. रुद्रेशने घसा खाकरून विचारलं, "ठरावाच्या विरोधात कोण?"

पहिला हात सुमंगलाचा वर गेला. त्याला अजून सुरमईची हळद लागलेली होती. तिच्या मागे इतके हात उठले, की खिडकीतल्या मोबाइलला सरपंच दिसेनासा झाला.