उकिडवी

थोरलीच्या वेळी मी घरीच बाळंत झाले. ओट्याची कड धरून उकिडवी बसले आणि पोरगी अलगद सासूबाईंच्या हातात आली. या वेळी दवाखान्यात आणलं, तरी अंग तेच मागत होतं. मी टेबलावरून उतरायला लागले, तशी सिस्टर खेकसली. “बाई, इथे उताणंच झोपायचं. डॉक्टरांना दिसायला नको?” तिने माझे पाय वर अडकवून पट्टे आवळले. “थोडा वेळ बसू द्या हो,” मी हात जोडले. “शहाणपण घरी,” ती म्हणाली. कळ आली की जोर लावायचे, पण बाळ तसूभरही सरकत नव्हतं. बाळाचे ठोके मंदावत गेले, तेव्हा कुठे डॉक्टर धावत आले. त्यांनी ओढून काढलेलं बाळ कितीही चोळलं तरी रडलं नाही. सिस्टरने मान खाली घालून पायांचे पट्टे सोडले. “ताई,” ती पहिल्यांदाच हळू बोलली, “आता बसा हवं तसं.”