बाजूने एक, विरोधात शून्य

आवाजी मतदानाचं यंत्र आल्यापासून ग्रामसभेत कोण ओरडलं त्याचं नाव पडद्यावर दिसायचं, म्हणून लोक गप्प बसायला शिकले होते. घोलपतात्यांची चाळीस वर्षांची सवय मात्र सुटली नव्हती. ठराव पुरता वाचून व्हायच्या आतच ते दणक्यात म्हणाले, "मंजूर, मंजूर!"

पडद्यावर उमटलं: बाजूने एक, रंगनाथ घोलप. विरोधात शून्य. ठराव संमत.

"कसला होता रे ठराव?" त्यांनी शेजाऱ्याला विचारलं.

"शाळेतल्या स्वयंपाकीण द्वारकाबाईंना कामावरून काढायचा."

द्वारकाबाईच सभेला चहा देत होत्या. "हा तुमचा बिनसाखरेचा, तात्या," म्हणून त्या पुढे गेल्या.

तात्यांनी कप तसाच खाली ठेवला. बाकीचे माना खाली घालून चहा पीत राहिले. यंत्राला एकही आवाज सापडला नाही.