दोन खळगे

जेवणाच्या टेबलावर गाडीचा डॅशबोर्ड आडवा पडला होता आणि बॅगवाला त्याचं जुनं रेक्झिन सोलत होता.

उभा जन्म बॅगा शिवण्यात गेलेला माणूस. दुकान बंद करून चार वर्षं झाली तरी गल्ली त्याला बॅगवालाच म्हणायची. गाडी त्याच्या लेकीपेक्षा तीन वर्षांनी मोठी. उन्हाने तडकलेलं रेक्झिन पकडीने ओढलं की पापुद्रे निघत होते आणि खालच्या पिवळ्या फोमचा भुगा टेबलभर सांडत होता. काढलेले स्क्रू बशीत होते. पसाऱ्यावरून ओरडणारं घरात आता कुणी उरलं नव्हतं, तरी त्याने आधी वर्तमानपत्र अंथरलं होतं.

ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूचं रेक्झिन निघालं आणि त्याचा हात थांबला.

फोममध्ये दोन खळगे होते. वरून ते नुसते दबल्यासारखे दिसायचे. आत चांगले खोल गेले होते. दहाही बोटं ओळखू येत होती. एका बोटाच्या मुळाशी अंगठीची खाचसुद्धा होती.

त्याची बायको त्या सीटवर कायम अशीच बसायची. लोक जीव मुठीत धरून बसतात. ही दोन्ही तळहात डॅशबोर्डवर रोवून बसायची.

"हळू चालवा हो," ती म्हणायची.

"अगं, चाळीसच आहे," तो म्हणायचा. काटा सत्तरीच्या पुढे गेलेला असायचा.

गेल्या वर्षी ती गेली ती घरातच, आजाराने, अंथरुणावर. त्यात गाडीचा काही संबंध नव्हता. हे त्याने स्वतःला पुष्कळदा बजावलं होतं.

लेक दारात येऊन उभी राहिली. नोकरीसाठी उद्या सकाळी ती दुसऱ्या गावी निघणार होती.

"तीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही," तो सवयीने म्हणाला.

"ओरखडा नाही?" लेकीने टेबलाकडे पाहिलं. "मग हे काय आहे?"

तो टेबलावरचा भुगा गोळा करू लागला.

"मी मागे बसायचे ना, बाबा, मला रस्ता दिसायचाच नाही. आईचे हातच दिसायचे. ते तिथे असेपर्यंत मी त्या सीटवर बसणार नाही. उद्या मी टॅक्सीने जाते."

"उद्यापर्यंत नसतील," तो म्हणाला. स्टेशनपर्यंत लेकीने आपल्या शेजारी बसून यावं, एवढंच त्याला हवं होतं. आई गेल्यापासून ती पुढे बसली नव्हती, म्हणूनच त्याने गाडी उघडली होती.

त्याने नव्या फोमचे तुकडे कापले. ते खळग्यांत भरताना, कुणाच्या उघड्या तळहातावर काहीतरी ठेवतो आहोत असं त्याला वाटलं. पॉलिश पेपरने त्याने सगळं एकसारखं घासलं. नव्या रेक्झिनला सोल्युशन लावलं, फोमला लावलं, चिकटपणा बोटाला लागेनासा होईपर्यंत वाट पाहिली. मग लेकीच्या ड्रायरने रेक्झिन गरम करत, ताणत, कडा आत मुडपत तो पुढे सरकत गेला. चाळीस वर्षांत हाताला लागलेली एकच रीत होती: रेक्झिन बोटांनी दाबायचं नाही, तळहाताने दाबायचं, आणि मनात शंभर होईपर्यंत अंगाचा भार काढायचा नाही.

खळगे होते तिथे रेक्झिन उठून येईल अशी त्याला धास्ती होती. म्हणून तिथे त्याने दोन्ही तळहात रोवले आणि वाकून सगळा भार टाकला. पन्नासच्या पुढे कुठेतरी त्याला वाटलं, खालूनही कुणीतरी तेवढ्याच जोराने दाबतंय. त्याने हात काढले नाहीत. शंभर झाले तरी काढले नाहीत.

सकाळी त्याने डॅशबोर्ड बसवला, स्क्रू आवळले, गाडी दारासमोर आणली. लेक सामान डिकीत टाकून पुढचं दार उघडायला गेली आणि तशीच उभी राहिली. काचेतून तिरपं ऊन आत आलं होतं. नव्या काळ्या रेक्झिनवर दोन खळगे होते.

"बाबा, हे परत आले."

त्याने वाकून पाहिलं. बॅगेच्या पुठ्ठ्यावर शंभर मोजायचे असतात, कोवळ्या फोमवर नाही, हे त्याला आत्ता सुचत होतं.

लेकीने दार उघडून आपला तळहात एका खळग्यात ठेवला. चारी बाजूंनी जागा उरली.

"आईचा हात माझ्याएवढा होता," ती हळूच म्हणाली. "हे तुमचे आहेत."

मग तिने हात पुढे केला. "किल्ली द्या. तुम्ही बसा इकडे."

त्या गाडीचं स्टिअरिंग त्याने आजवर कुणाच्या हाती दिलं नव्हतं. त्याने किल्ली दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला. तिथून रस्ता फार जवळ दिसत होता, अगदी अंगावर आल्यासारखा.

गल्ली संपली, मोठा रस्ता लागला, आणि पहिल्याच वळणावर त्याचे हात आपोआप उचलले गेले. खळग्यांत ते नेमके बसले.

"हळू चालव गं," तो म्हणाला.

"चाळीसच आहे, बाबा."

त्याने मान वाकडी करून पाहिलं, मग पुढे झुकून पाहिलं. त्या सीटवरून काटा दिसतच नव्हता.