काळे चौकोन

जुने ऑनलाइन वर्ग आवरताना मी एकेक काढून टाकत होते. सातवीच्या एका वर्गावर मात्र ‘तास सुरू’ दिसलं. इतक्या वर्षांनी, माझ्याशिवाय तास? काही कळेना. आत डोकावले, तर मिसरूड फुटलेली मुलं, उंच मुली, सगळे गप्पांत रंगलेले. “अरे, बाई आल्या!” लगेच चिडीचूप. “बाई, लिंक चालूच होती, आम्ही इथेच भेटतो. ओळखलंत ना?” मी चष्मा पुसला. एकही चेहरा ओळखीचा वाटेना. त्यांना वर्षभर मी फक्त पडद्यावरच शिकवलं होतं. ‘कॅमेरे चालू करा’ म्हणून कंठशोष केला, पण कुणी ऐकेल तर शपथ! “पोरांनो, जरा कॅमेरे बंद करा बघू.” ओळखीचे काळे चौकोन आले. “हजर, बाई,” एक घोगरा आवाज आला. हाही ओळखू येईना. तेवढ्यात त्याच्यामागून पोपट माझ्याच सुरात ओरडला, “कॅमेरे चालू करा!”