सत्ताविसावी पायरी

“सत्तावीस पायऱ्या उतरायचो, पाण्यात पाय सोडून बसायचो, लेकी,” गीतांजलीच्या लहानपणी तिचे वडील, अप्पा, कंधारजवळच्या बारवेबद्दल सांगायचे. तिनं मोठेपणी तेच स्वतः अनुभवल्यासारखं परदेशी पाहुण्यांसाठीच्या आपल्या प्रवासपुस्तिकेत लिहिलं. पुस्तिकेत जाहिराती नव्हत्या. ‘स्वतः पाहिलेलंच लिहिते’ या शब्दावर वाचक वर्गणी पाठवायचे. त्यांच्यातलीच एक आजी आज जर्मनीहून थेट आली. पुस्तिका हातात धरून, पायऱ्या मोजत बारवेत उतरू लागली. गीतांजली काठावर उभी होती. तिथं शेळ्या राखणारी नागाबाई दचकली. “खालच्या पायऱ्या कवाच ढासळल्या, बाई! पुस्तकात तू उतरलीस म्हनं, कवा उतरली होतीस?” तिनं गीतांजलीला विचारलं. गीतांजली पहिल्या पायरीपर्यंत धावली. “परत या, निसरडं आहे!” ती ओरडली. “तू बसलीस तिथं मीही बसेन,” आजी हसली. “अठरा... एकोणीस...” खरं बोललं तर पुस्तिका संपली. “वीस...” “थांबा! मी तिथं कधीच बसले नाही,” गीतांजली कळवळून म्हणाली. “अप्पा बसायचे तिथं.”